ड्रमफोडी

बाबा,

परवा आपल्या गावी जाऊन आले. शाळेच्या आवारात पाण्याची नवी टाकी बांधली आहे. तिच्या उद्घाटनाला गावची लेक आणि निवृत्त मास्तरीण म्हणून मला शेगावहून बोलावलं होतं. नारळ फुटला, भाषणं झाली, पोरांनी नळाखाली तोंडं धरून एकमेकांना भिजवून घेतलं. तेवढ्यात मंडपाच्या कडेला बसलेला एक माणूस उठून माझ्यापाशी आला. "ओयखलं काय बाई मले?" मी ओळखलं नाही. मी शाळेचा ड्रम फोडला तेव्हा तो चौथीत होता म्हणे. मग मागे वळून त्यानं बायकोला सांगितलं, "हेच ते ड्रमफोडी." आजूबाजूचे हसले, मीही हसले. पण त्याला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. "म्या त्या ड्रमातलं पानी वर्सभर पेलो. आता साठ पार झालो. काई झालं काय मले?" मी म्हटलं, "नाई झालं, चांगलं झालं. पन म्या फोडला नसता तं तू अजून वर्सभर पेला असता."  "हे बी खरं हाय" म्हणून तो पेढा घ्यायला गेला.

परतीच्या एसटीत मी तुमच्याशी भांडायला लागले, ते अजून थांबलेलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता नीट आठवत नाही, फक्त खोकला आठवतो. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आज वीस वर्षांनी मोठी आहे. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकून घ्यायचं. गावातली सगळी माणसं अजून असंच सांगतात की मी शाळेचं गोड पाणी सांडवलं. नाही बाबा. मी ड्रम फोडला. पाणी सांडलं, कारण ते त्या ड्रममध्ये होतं.

तुम्ही मुळात कापसाच्या जिनिंगमधले फिटर. पाईप, व्हॉल्व्ह, वाफ, सगळं तुमच्या हाताचं ऐकायचं. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा तुम्हाला पूर्वेकडे, बिहारच्या डोंगरातल्या एका खाणीवर काम मिळालं. युरेनियमचा दगड जमिनीतून काढायचा, गिरणीत पिठासारखा दळायचा, तेजाबात घोळायचा आणि त्यातून पिवळी भुकटी काढायची, असं ते काम. पहिल्या सुट्टीवर आलात तेव्हा पारावर बसून तुम्ही ते गावाला सांगत होतात. मी तुमच्या मांडीला टेकून ऐकत होते. "टनभर गोटा दयला का चिमूटभर माल निंगते. पन तो चिमूटभर माल म्हनजे देशाची वीज हाय." माणसं तोंडात बोट घालून ऐकत होती. मी विचारलं, "बाबा, बाकीचा गोटा कुठी जाते?" तुम्ही हसून माझ्या डोक्यावर टपली मारली. "तो तं गाळ वं. तो पाईपानं सोडून देतो तळ्यात." तुमचं काम त्या पाईपाचंच होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी सातवी झाले तेव्हा तुम्ही मायला आणि मला तिकडे घेऊन गेलात. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे न्हाणी, पुढे पेरूचं रोप. मायला ते घर फार आवडलं, कारण नळाला गोड पाणी होतं. आपल्या खारपाण पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात तिची उभी हयात गेली होती. आपल्याकडे तुरीची डाळ शिजवायची तर नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून हंडा आणावा लागायचा, नाहीतर डाळ पहाटे ठेवली तरी दुपारी टणकच. तिकडच्या चुलीवर पहिल्या दिवशी डाळ एका उकळीत मऊ झाली, तर माय पळी हातात घेऊन हसायलाच लागली. तो स्वयंपाक आणि ते हसणं मी विसरलेले नाही. आणि संध्याकाळी तुम्ही यायचात, अंगावरचे खाकी कपडे न्हाणीत टाकायचात, तेही विसरलेले नाही. माय ते हातानं चोळायची. बादलीच्या तळाशी बारीक करडा गाळ बसायचा. त्याच बादलीत मग माझा फ्रॉक.

तळं आपल्या क्वार्टरपासून मैलभरावर होतं. दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध घातलेला, आणि गिरणीतून आलेला जाड पाईप त्याच्या काठावर करडा घट्ट रस ओकत असलेला. पाणी आटलं की गाळ वाळून पापडासारखा तडकायचा. उन्हाळ्याच्या वाऱ्यात त्याची भुकटी उडायची आणि दोरीवरच्या कपड्यांवर, पेरूच्या पानांवर, झाकण नसलेल्या सगळ्यावर बसायची. कुंपण नव्हतं. तिथल्या आदिवासी बायका डोक्यावर सरपण घेऊन गाळावरून सरळ चालत जायच्या, कारण वळसा लांब पडायचा. सपाट जागा म्हणून पोरं तिथं चेंडू खेळायची. बांधातून पाझरलेलं पाणी खालच्या नाल्याला मिळायचं. त्या नाल्यावर भांडी घासली जायची, म्हशी डुंबायच्या. आपल्याला दूध घालणाऱ्या बाईच्या दोन म्हशी त्यातच असायच्या. ती माझ्या मायच्याच वयाची होती, कपाळावर गोंदण, मोडकं हिंदी बोलायची. आणि माय त्याहून मोडकं. तरी दोघी पायरीवर अर्धा अर्धा तास बोलत बसायच्या.

पावसाळ्यात एके दिवशी दुपारी मी तुमचा डबा घेऊन आले, तर तुम्ही पाईपावर नव्हतात. तुम्ही खाली धावत होतात. पाईपाचा जोड निसटला होता आणि गाळ टेकडीच्या उतारावरून खाली चालला होता. वाहत होता म्हणवत नाही, तो जड होता, अंगानं चालल्यासारखा जात होता. खाली दूधवाल्या बाईचं शेत. धान पोटरीएवढं आलेलं, नुकतंच लावलेलं हिरवंगार. माझ्या डोळ्यांदेखत अर्धं शेत करडं झालं आणि गाळाचं तोंड पुढे नाल्यात उतरलं. बाई शेताच्या बांधावर उभी होती.  डोक्यावर हात ठेवून नुसती पाहत होती. तुम्ही कमरेइतक्या गाळात उतरून व्हॉल्व्ह बंद केलात, दोघांना हाताशी घेऊन जोड आवळलात. त्या दिवशी तुमच्याइतका बहाद्दर माणूस मी पाहिला नव्हता. हे मी मान्य करते, आणि पुन्हा करणार नाही.

मग जीप आली. साहेब उतरला, पाईपाकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं. नाल्याकडे पाहिलं नाही. शेडमध्ये रजिस्टर होतं, त्यात तुम्ही लिहायचं होतं. मी डबा हातात धरून दारात उभी. साहेब सांगत होता, तुम्ही लिहीत होतात. जोड सैल, दुरुस्त केला, गळती नाही. मी सातवी पास होते बाबा, मला हिंदी वाचता येत होतं. मी म्हटलं, "गळती झाली ना. नाल्यात गेला गाळ. त्या बाईच्या शेतात गेला." साहेबानं तुमच्याकडे पाहिलं. "लडकी क्या बोल रही है?" तुम्ही उठलात. "बच्ची है साहब. कुछ नहीं." आणि माझ्या कानाखाली मारलीत. त्याआधी तुम्ही मला कधी हात लावला नव्हता, त्यानंतरही कधी लावला नाहीत. गाळानं ओला हात होता. माझ्या गालावर तो गाळ वाळला, आणि मी घरी येईपर्यंत धुतला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई दूध घेऊन आली, नेहमीच्या वेळेला. मायला म्हणाली, "बाबू को बोलो, धान मर गया." मायनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "सांगतलं म्या वरती." सांगितलं नव्हतंत. मला माहीत होतं, मायला माहीत होतं, आणि आम्हा दोघींना माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं. ताटातली डाळ मऊ शिजलेली होती, आणि आपण तिघांनी ती संपवली. आठवड्याभरात तुम्ही मायला आणि मला गाडीत बसवून दिलंत. म्हणालात, पोरीची शाळा मराठीतच झालेली बरी. माय गावी गेली, मी शेगावला मामाकडे. मामाचं मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हार-नारळाचं दुकान होतं. तिथं बसून मी गणितं सोडवली, गुरुवारी गर्दीत नारळ मोजून दिले आणि तुमच्या पत्रांना उत्तर दिलं नाही. तुम्ही त्याच महिन्यात पक्के झालात, हे मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत तुम्ही हंगामी होतात, एका वाक्यावर घरी पाठवता येईल असे. मी ते समजू शकते. समजते म्हणजे माफ करते असं नाही. आजही नाही.

पुढे मी खामगावला कॉलेजात विज्ञान घेतलं. आमच्या शिक्षकांनी एके दिवशी फळ्यावर युरेनियमपासून शिशापर्यंतची साखळी लिहिली. एक मोडून दुसरं, दुसरं मोडून तिसरं. मी वर्ग संपल्यावर थांबून विचारलं, दगडातून युरेनियम काढून घेतलं तर बाकीच्यांचं काय होतं? ते म्हणाले, बाकीची सगळी गाळातच राहतात. रेडियम राहतं, त्यातून वायू निघत राहतो, तो माणसाच्या छातीत जातो. "किती दिवस, सर?" ते म्हणाले, "दिवस नाही. हजारो वर्षं." मला पारावरची तुमची टपली आठवली. तो तं गाळ वं. माल चिमूटभर नेला होता, आणि विषाचा मोठा हिस्सा तिथंच बांधामागे ठेवला होता. त्यावर पोरं चेंडू खेळत होती.

त्याच सुमारास तुम्ही कायमचे परत आलात. छाती भरत होती, जिना चढवत नव्हता. शेगाव स्टेशनात मी आणि मामा तुम्हाला उतरवून घ्यायला आलो, तर तुम्ही आधी ब्रेकव्हॅनकडे गेलात. तीन लोखंडी ड्रम होते. जाड पत्र्याचे, झाकणाला कडी असलेले, खाणीच्या स्टोअरमधून भंगारात काढलेले. तुमच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता! आपल्या भागात गोडं पाणी साठवायला असं भांडं कुणाकडे होतं? दोन घरी ठेवलेत. तिसरा शाळेला दिलात. तुम्ही तो घासला, आतून धुतला, बाहेरून निळा रंग दिला आणि खामगावहून पेंटर आणून त्यावर लाल अक्षरात 'सप्रेम भेट' आणि खाली तुमचं नाव लिहून घेतलंत. रोज सकाळी गाडीवरून झिऱ्याचं पाणी आणून त्यात भरायचं, आणि पोरांनी डबडीनं प्यायचं. हेडमास्तरांनी तुम्हाला शाल दिली. जिनिंगमधला फिटर बाहेर गेला, मोठा झाला, गावाला विसरला नाही. तुमचं आयुष्य त्या निळ्या ड्रमवर लिहिलं गेलं होतं. ते मला दिसत होतं. मी आंधळी नव्हते.

शिमग्याला मी घरी आले तेव्हा मायनं मला घरातला एक ड्रम घासायला सांगितला. वरच्या काठाला जिथं पत्रा दुमडलेला असतो, त्या घडीत काहीतरी अडकलं होतं. मी केसातली पिन काढून खरवडलं. पिवळी भुकटी, हळदीपेक्षा जरा भडक. मी ती कागदावर घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही ओट्यावर उन्हाला बसला होतात.

"बाबा, हे काय हाय?"

"रंग असंन."

"रंग कुठचा? घरच्या ड्रमाले तं रंगच नाई."

"काऊन वं, कॉलेजात हेच शिकवते काय? बापाची झडती घ्याचं?"

"याच्यात माल भरला होता काय?"

तुम्ही खोकलात. खोकला संपेपर्यंत मी थांबले. मग म्हणालात, "काय भरलं होतं, मले काय माहीत? म्या धुतले ते. सात डाव धुतले, गरम पान्यानं."

"घडीतलं धुतलं नाई गेलं."

"पिवळं म्हनजे काय सारं इखच असते?" माय चुलीपासून ओरडली. "हयद बी पिवळीच हाय."

मी हेडमास्तरांकडे गेले. ते भले होते. म्हणाले, तुझे वडील तिथं इतकी वर्षं होते, त्यांना जास्त कळतं की तुला? मी खाणीच्या पत्त्यावर पत्र टाकलं की अमुक प्रकारच्या ड्रममध्ये पूर्वी काय भरलेलं असायचं, ते कृपया कळवावं. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. दीड महिना गेला. परीक्षा संपवून मी वैशाखाच्या तोंडावर गावी आले तेव्हा शाळा सकाळची होती आणि पोरं त्याच ड्रममधलं पाणी डबडीनं पीत होती. कारण ऊन वाढलं होतं आणि पाणी जास्त लागत होतं. मी तुम्हाला एकदा शेवटचं सांगितलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात.

मला खात्री होती का? नव्हती. त्या ड्रममध्ये पिवळा माल भरलेला असेल, किंवा दुसरंच काही रसायन असेल, किंवा खरंच नुसता रंग. मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, साऱ्या जिल्ह्यात कुणाकडे होतं की नाही ठाऊक नाही. आजही मला माहीत नाही, आणि तो साठीचा माणूस हसतो तेव्हा त्याचं हसणं मला ऐकून घ्यावं लागतं. पण बाबा, माहीत नाही हे वाक्य तुम्ही आणि मी वेगवेगळ्या तऱ्हेनं वापरलं. तुम्ही म्हणायचात, माहीत नाही, म्हणून पिऊ द्या. मी म्हटलं, माहीत नाही, म्हणून पिऊ देणार नाही. ज्यांना माहीत होतं ते पत्राला उत्तर देत नव्हते. मग मी काय करायला हवं होतं? अजून एक पत्र?

शाळा सुटली होती. व्हरांड्यात पाच-सहा पोरं रेंगाळत होती. मी आपल्या शेतावरची जड लोखंडी सब्बल घेऊन गेले. पत्रा जाड होता, पहिल्या तीन घावांना नुसता पोचा आला. आवाजानं माणसं जमली. चौथा घाव तुमच्या नावाच्या मधोमध बसला. पाणी धार धरून माझ्या लुगड्यावर आलं, मग पायावर, मग अंगणात. ती धार पाहून एक म्हातारी रडायलाच लागली. "माय वं, गोळ पानी! गोळ पानी सांडवलं पोरीनं!" कुणी हंडा आणायला धावलं, कुणी माझा हात धरला. मी सब्बल सोडली नाही.

तुम्हाला कुणीतरी बोलावून आणलं. त्या उन्हात, त्या छातीनं, तुम्ही जवळजवळ धावत आलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा काढलात, त्याचा बोळा केलात आणि गुडघ्यावर बसून भोकात दाबलात. फिटरचा हात होता तो. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली. लोक म्हणाले, वाचलं, अर्धं वाचलं. मी तुमच्या शेजारी बसले. हळूच म्हटलं, कुणाला ऐकू जाईल असं नाही, "बाबा, रजिस्टरात काय लिहिलं होतं तुमी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. इतक्या वर्षांत आपण त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. तुमचा हात बोळ्यावर तसाच होता. बोटांच्या फटीतून पाणी येत होतं. मला वाटलं, आता दुसरी बसणार, आणि मी गाल पुढे केलाही असेन. तुम्ही हात काढून घेतलात. दुपट्टा ओढून घेतलात. धार पुन्हा सुरू झाली आणि तुम्ही गुडघ्यावर बसून ती शेवटपर्यंत पाहत राहिलात. मग उठून हेडमास्तरांना म्हणालात, "ड्रम खराब झाला होता, गुरुजी. म्याच सांगतलं होतं तिले फोडाले."

त्या वाक्यावर मी तुमच्याशी सगळ्यात जास्त भांडले आहे. लोकांना वाटेल बापानं लेकीला वाचवलं. तसं होतंही. पण पुन्हा तेच झालं ना बाबा? घडलं एक, लिहिलं दुसरं. मी भरगावात जे केलं होतं ते तुम्ही तुमच्या नावावर चढवलंत, आणि मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं तर मायनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. गावानं मात्र तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. गावानं मला नाव दिलं, आणि ते खरं नाव आहे. मला ते आवडतं. मास्तरीणबाईपेक्षा जास्त आवडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घरचे दोन आणि शाळेचा फुटका, असे तिन्ही ड्रम बैलगाडीत घातलेत. कुणाला बरोबर घेतलं नाहीत. संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन आलात, फावडं चिखलानं भरलेलं. मी विचारलं, कुठे टाकले? तुम्ही म्हणालात, "टाकले दूर. संपलं." कधीच सांगितलं नाहीत. नाल्याच्या काठी, पडीत जमिनीत, कुणाच्या विहिरीजवळ, मला माहीत नाही. आजही पावसाळ्यात कुठे जुनं लोखंड वर आल्याचं कुणी बोललं की मी कान देते. दूर टाकलं की संपतं, हे तुम्हाला त्या खाणीनं शिकवलं होतं, आणि तुम्ही शेवटपर्यंत त्यावर विश्वास ठेवलात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाला, विडीमुळे. मी म्हटलं, माझ्या बापानं आयुष्यात विडीला हात लावला नाही. तो म्हणाला, मग दमा असेल, आणि कागदावर तेच लिहिलं. मी तो कागद त्याच्यासमोर फाडला आणि दुसरा लिहायला लावला. 'कारण अज्ञात.' निदान ते तरी खरं होतं.

नोकरी लागल्यावर एका उन्हाळी सुट्टीत मी एकटी तिकडे जाऊन आले. पेरूचं झाड होतं. तळं तिप्पट झालं होतं, वरती दुसरा बांध घातला होता, काटेरी तारेवर पाटी होती, आणि तारेखालून शेळ्या जात होत्या. दूधवाली बाई भेटली नाही. तिचं शेत कुठलं, ते मी एका माणसाला विचारलं. त्यानं बोट केलं ते तळ्याच्या मधोमध. मी तिथं उभी राहून तुमच्या वतीनं माफी मागावी असं मनात आलं होतं. मागितली नाही. तुमची माफी तुम्ही मागायची. मी परत येऊन दरवर्षी नववीच्या वर्गात ती साखळी फळ्यावर लिहिली, आणि शेवटी प्रत्येक वर्गाला विचारलं, बाकीचं कुठे जातं? बहुतेकांनी वहीत मान घातली. दरवर्षी एखादी पोर वर पाहायची. मला तेवढी पुरली.

हे पत्र कुठे टाकायचं? तुमचा पत्ता नाही, आणि पोस्टातल्या पोराला मी काय सांगू? घडी करून पुस्तकात ठेवीन, किंवा उद्या बंब पेटवताना आत जाईल. मी जे केलं ते पुन्हा करीन, त्यात काना-मात्रा बदलणार नाही. फक्त एक गोष्ट कुणालाही सांगितलेली नाही, मायलाही नाही. त्या दिवशी मी भर उन्हात शेतावरून चालत आले होते, जीभ टाळूला चिकटली होती, घरचे ड्रम कोरडे पडले होते आणि मडक्यात फक्त खारं पाणी होतं. सब्बल उचलण्याआधी मी ड्रमचं झाकण उघडलं आणि त्यातलं दोन ओंजळी पाणी प्यायले. थंड होतं. फार गोड लागलं, बाबा.